एक क्लिक, अडतीस चेहरे

मासिकाच्या मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं संपादक मंडळातल्या मित्राने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अरे, मी फोटोवाला माणूस. मला फोटो माग, लेख कसला मागतोस?" तर तो म्हणाला, "फोटो सगळेच देतात. तू ते मावशींच्या फोटोचं लिही." आता हे प्रकरण निम्म्या हॉस्टेलला माहीत आहे आणि उरलेल्या निम्म्याला चुकीचं माहीत आहे. मी कॉलेजचा सर्व्हर हॅक केला, इथपर्यंत गोष्ट पोचली आहे म्हणे! तसं काही नाही हो. जे झालं ते माझ्याच लॅपटॉपवर झालं, माझ्याच हाताने झालं. तेव्हा एकदाचं सरळ सांगून टाकतो.

गेल्या वर्षी गॅदरिंगच्या आधी आमच्या फोटोग्राफी क्लबची मीटिंग झाली. दरवर्षी प्रदर्शनात काय असतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. सूर्यास्त, किल्ल्याचा बुरूज, पानावरचा पावसाचा थेंब आणि एक तरी कुत्र्याचं पिल्लू. या वेळी कुणीतरी म्हणालं की, हे हॉस्टेल जी माणसं चालवतात त्यांचेच फोटो लावू. मेसमधली मंडळी, झाडलोट करणाऱ्या ताई, वॉचमन काका, टँकरवाले, लाँड्रीवाले, झेरॉक्सवाले, शेवटी रेक्टर सर. यादी केली तर अडतीस जण निघाले. चार वर्षं ज्यांच्या जिवावर जगतो त्यातल्या निम्म्यांची नावंसुद्धा आम्हाला माहीत नव्हती, ही गोष्ट वेगळी.

माझ्या वाट्याला मेस आली. आता मेसमधला फोटो म्हटला की पोळ्या करणाऱ्या मावशी आल्याच. मावशी जत तालुक्यातल्या. कित्येक वर्षं पहाटे पाचला त्यांची कणीक मळून तयार असते. मी साडेपाचला पोचलो. (आयुष्यात पहिल्यांदा! रूम पार्टनरला वाटलं मी अजून झोपलोच नाही.) आत एक ट्यूबलाइट, तव्याखालचा गॅसचा निळा जाळ आणि मागच्या दारातून येणारा थोडासा उजेड. मावशींनी पोळी उलटली, दाराकडे बघितलं, आणि मी बटण दाबलं. पुढचे वीस फोटो काढले ते उगाचच. पहिल्याच फोटोत सगळं होतं.

उजेड कमी, त्यामुळे कॅमेऱ्याने आयएसओ 3200 वर नेला होता. ज्यांना फोटोतलं कळत नाही त्यांच्यासाठी : आयएसओ वाढवला की अंधारातही फोटो निघतो, पण त्यात दाणे दिसतात. त्याला नॉइज म्हणतात. रेडिओवर स्टेशन नीट लागत नाही तेव्हा आवाज वाढवला की खरखरही वाढते, तसं. हे दाणे पुढे गोष्टीत येणार आहेत, म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

फोटो मी रॉ फाइलमध्ये काढतो. रॉ म्हणजे सेन्सरवर पडलेल्या उजेडाची नोंद, शिजवायच्या आधीची. ती शिजवायला सॉफ्टवेअर लागतं. माझ्याकडे आहे डार्कटेबल. लॅपटॉप सेकंडहँड, त्यावर लिनक्स, खिशात पैसे नाहीत, म्हणून हे. पण सॉफ्टवेअर खरंच चांगलं आहे. 2009 पासून जगभरातली मंडळी फावल्या वेळात ते लिहीत आली आहेत, आणि त्याचा सोर्स कोड कुणालाही वाचता येतो. त्यात एकेका कामाचं एकेक मोड्यूल असतं. उजेडाचं वेगळं, रंगांचं वेगळं, नॉइज काढण्याचं वेगळं. आणि बऱ्याच मोड्यूल्सना जोडून मिळतात प्रीसेट.

प्रीसेट म्हणजे काय, तर दुसऱ्या कुणीतरी आधीच लावून ठेवलेली बटणं. दहा स्लायडर हलवत बसण्यापेक्षा यादीतून एक नाव निवडायचं. सावल्या उजळायच्या? आहे प्रीसेट, तोही सौम्य, मध्यम आणि तीव्र. धुकं काढायचं? आहे. फोटोचा वॉटरकलर करायचा? तोही आहे. कलर बॅलन्सच्या मोड्यूलमध्ये तर एकाचं नाव चक्क 'नॅचरल स्किन'. नैसर्गिक त्वचा! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते नाव फार आवडलं होतं.

एडिटिंगची रात्र नेमकी डीबीएमएसच्या सबमिशनची निघाली. जर्नलचे सहा प्रयोग लिहायचे बाकी आणि इकडे अडतीस चेहरे. इंजिनीअरिंगच्या पोराने अशा वेळी काय करायचं ते आपल्याला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं असतं. मी एक फोटो घेतला, झेरॉक्सवाल्या काकांचा. सावल्या उजळणारा तीव्र प्रीसेट लावला, वर एक्सपोजर वाढवलं, नॅचरल स्किन लावलं. काका चकाचक झाले. मग कंट्रोल-सी. कंट्रोल-ए. कंट्रोल-व्ही. असाइनमेंट जशी कॉपी होते तशी काकांची ट्रीटमेंट बाकीच्या सदतीस जणांवर उतरली. चहाचा एक कप संपेपर्यंत काम फत्ते. उरलेली रात्र जर्नलला दिली.

प्रदर्शन मेसच्याच भिंतीवर लागलं. काय गर्दी! झेरॉक्सवाले काका आपल्या फोटोसमोर उभे राहून तीन वेळा फोटो काढून घेऊन गेले. वॉचमन काका म्हणाले, "दहा वर्षांनी तरुण केलंस की रे." आमच्या वर्गातल्या चौघांनी तिथल्या तिथे मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, आमचेही प्रोफाइल फोटो असेच कर, जरा उजळ. मीही खूश. रेक्टर सर काही बोलले नाहीत, पण त्यांनी चष्मा लावून स्वतःचा फोटो बराच वेळ पाहिला, एवढं मात्र मी बघितलं.

दुपारची जेवणं आटोपल्यावर मावशी पदराला हात पुसत आल्या. एकेक फोटो बघत, प्रत्येकाचं नाव घेत पुढे सरकल्या आणि आपल्या फोटोपुढे थांबल्या. थांबल्या त्या थांबल्याच.

"ही कोण म्हनायची?"

सगळे हसले. मलाही वाटलं, मावशी चेष्टा करताहेत. मी म्हटलं, "मावशी, तुम्हीच की."

"मी?" त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. कपाळावर, मग हनुवटीवर. "आन् गोंदन कुटं गेलं?"

मी बघितलं. खरंच नव्हतं. मावशींच्या कपाळावर एक टिकलीएवढा हिरवा ठिपका आहे आणि हनुवटीवर तीन. त्या दिवसापर्यंत मी किती वेळा त्यांच्या हातची पोळी घेतली असेल, पण तुम्ही विचारलं असतं तर मला ठिपके सांगता आले नसते. फोटोत तिथे नुसती गुळगुळीत, फिकट, जरा गुलाबीकडे झुकणारी कातडी होती. बाई छान होती दिसायला. फक्त ती मावशी नव्हती.

"गोरी केलीस ते ऱ्हाऊ दे," मावशी म्हणाल्या, "पन गोंदन न्हाई काडायचं बाळा. सोनंनानं हितंच ऱ्हातंय. गोंदन तेवढं मेल्यावर बी संगं येतंय म्हनत्यात. सात वर्साची हुती मी, आईनं धरून बसवलं हुतं जत्रंत. लई रडले हुते."

एवढं बोलून त्या भांड्यांकडे गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. संध्याकाळी कळलं की महिनाअखेरीला मावशी काम सोडताहेत, मुलाकडे जाणार आहेत. क्लबने निरोपाला त्यांना तोच फोटो फ्रेम करून द्यायचं ठरवलं होतं. ऑर्डर द्यायची बाकी होती, हे नशीब. दुसरा फोटो काढू, म्हणून मी दुसऱ्या दिवशी पहाटे परत कॅमेरा घेऊन गेलो, तर मावशी कॅमेऱ्याकडे बघून ताठ बसल्या, शाळेच्या ग्रुप फोटोत बसतात तशा. दारातून येणारा तो उजेडही ढगाळ हवेमुळे नव्हता. म्हणजे पहिलाच फोटो दुरुस्त करायला हवा होता.

तसं घाबरायचं कारण नव्हतं. डार्कटेबल मूळ रॉ फाइलला कधी हात लावत नाही. तुम्ही जे काही करता त्याची नोंद शेजारी एका छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये होते. म्हणजे मावशींचं गोंदण मूळ फाइलमध्ये असणारच होतं. मी केलेल्या सगळ्या पायऱ्या पुसल्या आणि फोटो नव्याने उघडला.

आणि इथे माझं डोकं फिरलं. कारण नव्याने सुरुवात करायची म्हटलं तरी माझं बोट आपोआप प्रीसेटच्या यादीवरच जायचं. मोड्यूल उघडलं की यादी. सौम्य, मध्यम, तीव्र. एक लावून बघ, दुसरा लावून बघ. अर्धा तास झाला तरी मी मावशींचा चेहरा बघतच नव्हतो, मेन्यूकार्ड बघत होतो! टपरीवर नाही का, काय खायचं ते ठरवून गेलं की वडापाव मिळतो आणि हॉटेलात जाऊन मेन्यू उघडला की माणूस भलतंच काहीतरी मागवून बसतो. तसं. मी ठरवलं, ही यादीच उडवायची. सगळे प्रीसेट डिलीट. मग जे काय करायचं ते स्वतःच्या डोळ्यांनी.

प्रेफरन्सेसमध्ये प्रीसेट्सचा एक भाग आहे, तिथे सगळ्यांची यादी दिसते. सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या प्रत्येकापुढे छोटंसं कुलूप. बदलता येत नाही, काढता येत नाही. ठीक आहे म्हटलं. आपण कॉम्प्युटरचे विद्यार्थी, नुकतंच डीबीएमसचं जर्नल सही होऊन आलंय, कुलपाला कोण विचारतो! डार्कटेबल आपले प्रीसेट एका एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ठेवतं. होम फोल्डरमधल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात डेटा डॉट डीबी नावाची फाइल असते. ती उघडली. त्यात प्रीसेट्स नावाचं टेबल, आणि त्या टेबलात एक कॉलम : राइटप्रोटेक्ट. कुलूपवाल्यांना 1, आपण बनवलेल्यांना 0. इतकं सोपं! फाइलची एक कॉपी काढून ठेवली (एवढी अक्कल शिल्लक होती), आणि एका ओळीची क्वेरी मारली. राइटप्रोटेक्ट एक असेल त्या सगळ्या ओळी डिलीट. टेबल बघितलं. फक्त माझ्या हातच्या दोन-तीन ओळी उरलेल्या. रूम पार्टनरला उठवून दाखवलं. तो मेकॅनिकलचा, त्याला काही कळलं नाही, पण "भारी" म्हणून तो परत झोपला.

डार्कटेबल सुरू केलं. सगळे प्रीसेट जागच्या जागी. कुलपासकट.

परत क्वेरी. परत सुरू. परत हजर. तिसऱ्या वेळी मी टेबलातल्या ओळी मोजून वहीत लिहिल्या, सॉफ्टवेअर चालू करून बंद केलं, पुन्हा मोजल्या. भुतासारखे परत येत होते. वाटलं, फाइल चुकीची असेल. परमिशन असेल. रात्रीचे दोन वाजले. शेवटी सोर्स कोड उघडला, जो मी आधीच उघडायला हवा होता. तिथे जे सापडलं ते बघून मी मोठ्याने हसलो. सॉफ्टवेअर सुरू होताना सगळ्यात आधी काय करतं माहिताय? त्याच टेबलातल्या, राइटप्रोटेक्ट एक असलेल्या सगळ्या ओळी स्वतःच डिलीट करतं! अगदी माझीच क्वेरी. आणि मग प्रत्येक मोड्यूल आपापले प्रीसेट कोडमधून नव्याने लिहून देतं. म्हणजे मी रात्रभर जे पराक्रम म्हणून करत होतो, ते काम बिचारं सॉफ्टवेअर दररोज, न सांगता, सुरू होताना करतं. डेटाबेसमधली ती यादी नुसती छापील प्रत होती. मूळ मजकूर प्रोग्रॅममध्येच होता.

विचार केला तर ते बरोबरच आहे. नवी आवृत्ती आली की जुने प्रीसेट आपोआप जावेत आणि सुधारलेले यावेत, याचा हा सर्वांत सरळ मार्ग. मी कोड लिहिला असता तर कदाचित असाच लिहिला असता. बरं, असाच लिहिता आला असता तर!

दुसऱ्या दिवशी क्लबच्या एका पासआउट सीनियरला फोन लावला. तो आता लग्नांचे फोटो काढतो, अडोबी लाइटरूम क्लासिकवर. म्हटलं, "दादा, तुमच्याकडे तरी हे डिलीट होतात का?" तो म्हणाला, "बाहेरून आणलेले होतात. बरोबर आलेले नाही होत, फक्त लपवता येतात." तिथे प्रीसेटच्या पॅनेलवर अधिकचं चिन्ह असतं, त्यात मॅनेज प्रीसेट्स असतं, आणि नको त्या गटांपुढची खूण काढली की ते नजरेआड होतात. फाइली जागच्या जागी राहतात. वर म्हणाला, "अरे, 2018 पासून आमचे प्रीसेटपण एक्सएमपीच झालेत. एखादा नोटपॅडमध्ये उघडून बघ. भीती मोडेल." त्याने एक पाठवला. उघडला तर खरंच, साधा मजकूर. कॉन्ट्रास्ट इतका, हायलाइट्स वजा इतके, शॅडोज अधिक इतके. आकडे. त्या आकड्यांत समोर कोण बसलंय याचा पत्ताच नाही. कुणीतरी कुठल्यातरी देशात, कुठल्यातरी खिडकीपाशी बसलेल्या माणसाच्या फोटोवर ते जुळवले असणार. त्या फोटोवर ते सुंदरच दिसत असणार.

यावरून आठवलं. फिल्मच्या जमान्यात कोडॅकची कलर फोटो छापणाऱ्या लॅबसाठी संदर्भकार्डं असत. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. लॅबवाल्याने त्या बाईची त्वचा बरोबर दिसेपर्यंत मशीन जुळवायचं. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्या कार्डांना 'शर्ली कार्ड' हेच नाव पडलं. 1950 च्या दशकापासून पुढे कित्येक वर्षं हेच माप चाललं. सावळ्या-काळ्या माणसांचे फोटो नीट येत नाहीत ही ओरड होतीच. पण गडद रंगांच्या तपशिलाकडे कंपनीने लक्ष दिलं त्यात फर्निचर आणि चॉकलेट बनवणाऱ्या ग्राहकांच्या तक्रारींचाही हात होता, असं तिथे काम केलेल्यांनीच नंतर सांगितलंय. लाकडाचा आणि चॉकलेटचा रंग फोटोत बरोबर येत नव्हता ना! हे वाचून मी आधी हसलो होतो. मावशींच्या फोटोनंतर परत वाचलं तेव्हा हसू आलं नाही. कारण मी तरी काय केलं होतं? झेरॉक्सवाले काका हे माझं शर्ली कार्ड होतं.

सीनियरच्या फोननंतर डार्कटेबलच्या प्रेफरन्सेस परत नीट वाचल्या. तिथे एक साधी चौकट आहे : मोड्यूल्सचे बरोबर आलेले प्रीसेट लपवा. टिक केलं. दोन सेकंद. मोड्यूल्सच्या याद्या रिकाम्या झाल्या. दोन रात्री, एक डेटाबेस, हजारो ओळींचा सोर्स कोड, आणि उत्तर होतं एक टिक! आपले सर नेहमी म्हणतात मॅन्युअल वाचा. वाचा हो. मी पण आता वाचतो. कधीकधी.

पण गोष्ट इथे संपत नाही. खरी गंमत पुढे आहे.

याद्या रिकाम्या केल्यावर मावशींचा फोटो परत पहिल्यापासून उघडला. काही लावलं नाही. सावल्या उजळल्या नाहीत, नॅचरल स्किन नाही, काही नाही. आणि तरीही गोंदण नाही! चेहरा आता सावळा होता, उजेड दाराचा होता, सगळं बरोबर होतं, पण कपाळ आणि हनुवटी तशीच गुळगुळीत. मला खरंच घाम फुटला. म्हटलं, मूळ फाइलमध्येच नसेल तर? कॅमेऱ्यालाच दिसलं नसेल तर?

मग एकेक मोड्यूल बघत गेलो. नॉइज काढणाऱ्या मोड्यूलचा दिवा चालू होता. मी तर लावलं नव्हतं. त्याची यादी उघडली. एरवी त्यात बरोबर आलेल्यांच्या गर्दीत काही नजरेत भरलं नसतं. आता यादीत एकच नाव होतं. 'गॅदरिंग.'

ते मीच ठेवलेलं नाव. आदल्या वर्षीच्या गॅदरिंगला स्टेजवरचे नाच अंधारात काढले होते, फोटोभर दाणेच दाणे. तेव्हा मी नॉइज काढायचा एक जबरदस्त प्रीसेट बनवला आणि डार्कटेबलला सांगून ठेवलं की आयएसओ 1600 च्या वरचा कुठलाही फोटो पहिल्यांदा उघडला की हा आपोआप लाव. तशी सोय त्यात आहे. कॅमेरा, लेन्स, आयएसओ अशा अटी घालता येतात. नंतर मी ते साफ विसरलो. मावशींचा फोटो 3200 चा. मी जितक्या वेळा तो 'पहिल्यापासून' उघडला, तितक्या वेळा माझ्याच हाताने वर्षापूर्वी दिलेली आज्ञा आधी येऊन बसत होती. सौम्य, मध्यम, तीव्र यांच्या नावाने मी दोन रात्री शिव्या घातल्या. त्यांनी रंग बिघडवला हे खरं, तोही मी सांगितला म्हणून. पण गोंदण खाल्लं होतं माझ्या गॅदरिंगने.

ते कसं खाल्लं हेही समजून घेण्यासारखं आहे. गोंदणाचा रंग म्हणजे बहुधा काजळी. सुईने ती कातडीच्या आतल्या थरात जाते, आणि वरच्या कातडीतून बघताना काळं हे निळं-हिरवं दिसतं. सावळ्या चेहऱ्यावर तो ठिपका आजूबाजूपेक्षा फार गडद नसतो, रंगाने जरासा वेगळा असतो इतकंच. आता नॉइज काढणारं गणित काय करतं? आजूबाजूशी न जुळणारे रंगाचे बारीक ठिपके शोधतं आणि शेजाऱ्यांसारखे करून टाकतं. नाचणाऱ्या पोरींच्या मागच्या काळ्या पडद्यावर हे ठीक. मावशींच्या हनुवटीवर त्याला तीन हिरवट ठिपके दिसले, आणि त्याने प्रामाणिकपणे आपलं काम केलं. आयएसओ 3200 चा दाणा कुठला आणि जतच्या जत्रेतला ठिपका कुठला, हे त्याला कसं कळावं? ते मला कळायला हवं होतं, आणि मी तर फोटो मोठा करून बघितलाच नव्हता.

गॅदरिंग बंद केलं. एका क्षणात दाणे आले, आणि दाण्यांबरोबर गोंदण. कपाळावर एक, हनुवटीवर तीन. तीनमधला डावीकडचा जरा तिरका आहे. कदाचित तेव्हाच हलल्या असतील मावशी.

पुढचं काम तासाभराचं होतं. एक्सपोजर वाढवायच्या ऐवजी पाऊण स्टॉप खाली आणलं. कॅमेरा बिचारा अंधाऱ्या खोलीलाही मध्यम उजेडाची करायला बघतो, तो त्याचा स्वभाव. पहाट पहाटेसारखी दिसली तेव्हा थांबलो. नॉइज थोडा काढला, हाताने, आणि मोड्यूलला मास्क लावून चेहरा त्यातून वगळला. भिंत गुळगुळीत, चेहरा दाणेदार. स्पर्धेत परीक्षकांनी मार्क कापले असते. कापू देत.

तेवढ्यावर थांबून कसं चालेल? बाकीचे सदतीस पण परत बघितले, एकेक करून. त्यात दोन आठवडे गेले आणि एक युनिट टेस्ट गेली. वॉचमन काकांना नवा फोटो दाखवला तर ते म्हणाले, "पहिलाच बरा होता रे, हा मी म्हातारा दिसतोय." मी म्हटलं, काका, तुम्ही तसेच आहात. ते म्हणाले, "मला माहितेय मी कसा आहे, त्यासाठी फोटो कशाला पाहिजे?" यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. त्यांना त्यांचा पहिलाच दिला. फोटो त्यांचा, चेहरा त्यांचा. वर्गातल्या त्या चौघांना मात्र मी उजळ करून दिलं नाही. त्यांच्याशी भांडायला मला जड जात नाही.

निरोपाच्या आदल्या दिवशी मावशींचा प्रिंट आणला. फ्रेम करायच्या आधी त्यांना दाखवून घ्यावा म्हटलं. एकदा तोंड भाजलं होतं ना. दुपारी मेस रिकामी होती. मावशींनी हात धुतले, पुसले, मग प्रिंट हातात घेतला आणि दाराच्या उजेडात नेऊन धरला. बोटाने ठिपके मोजले. एक. मग एक, दोन, तीन. तिरक्या ठिपक्यावर बोट जरा थांबलं.

"हां. ही मी."

मला काय वाटलं ते लिहीत नाही. पण मावशी अजून बघतच होत्या. फोटो जवळ नेला, लांब धरला.

"ह्ये काय गालावर?"

"पीठ आहे मावशी. त्या दिवशी लागलं होतं." मी जरा अभिमानानेच सांगितलं. ते पीठ मला फार आवडलं होतं. तोच तर खरा फोटो, असं मी क्लबच्या मीटिंगमध्ये भाषणही ठोकलं होतं.

"पुस की मग ते. फोटोत कोन पिठाचं तोंड घिऊन बसतंय? सुनंच्या घरात लागनार हाय त्यो."

"मावशी, पण खरं तेच..."

"गोंदन माझं हाय. पीठ मेसचं हाय. पुस."

पुसलं. रिटच मोड्यूल, दोन मिनिटं. नवा प्रिंट, नवी फ्रेम, शिवाय सुनेला आणि नातीला द्यायला दोन जादा प्रती. निरोपाच्या दिवशी रेक्टर सरांच्या हस्ते दिला. मावशी काही बोलल्या नाहीत, फक्त फ्रेमची काच पदराने पुसली आणि पिशवीत उभी ठेवली, मध्ये साडीची घडी घालून.

यंदाच्या गॅदरिंगचे फोटो मीच काढले. स्टेजवर अंधार तसाच, दाणे तसेच. 'गॅदरिंग' प्रीसेट ठेवलाय, कामाचा आहे तो. फक्त 'आपोआप लाव' या पुढची खूण काढली आहे. आणि ज्यांनी पहिल्या प्रदर्शनातले प्रिंट नेले असतील त्यांनी रूम नंबर 214 मध्ये येऊन बदलून घ्यावेत. कोण कुठला फोटो मागतो ते मी विचारणार नाही.

– अंतिम वर्ष, संगणक अभियांत्रिकी